यादीत तुझ्याखाली मी

खासबाग, बेळगाव
बुधवार

प्रिय अक्काताई,

येत्या रविवारी तू येऊ नकोस, एवढंच लिहायला बसले होते. पण तेवढंच लिहिलं तर तू लगेच फोन करशील, 'काय झालं गं पुन्नी, बरं न्हाय व्हय?' म्हणशील आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी डिंकाचे लाडू करायला घेशील. तुझ्या मायेपुढं मला फोनवर कधी तोंड उघडता आलेलं नाही, म्हणून हे पत्र. ते पुरतं वाचून झाल्यावर तू माझ्या दारात पुन्हा पाय ठेवशील असं वाटत नाही. तीस वर्षांची तू एकच मैत्रीण, दुसरी मला कुणी जमली नाही, आणि आज मी तुला घालवायला बसले आहे. घरात कुणी नसताना वाच.

सिद्धेशचा काल फोन आला होता. आता तो माजी विद्यार्थी संघाचा सचिव आहे, त्यामुळे साधं बोलतानाही माइकसमोर उभा असल्यासारखा बोलतो. विद्यापीठाच्या चार गुणवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार, त्यातली एक मी, आणि माझ्याविषयी पाच मिनिटं बोलणार तू. तू भाषण लिहून त्याला फोनवर वाचूनही दाखवलंस म्हणे, आणि तो रडला. सिद्धेशला रडायला फारसं काही लागत नाही. प्रॅक्टिकलला गांडूळ कापतानासुद्धा त्याचे डोळे भरायचे, म्हणून तर तो प्राणिशास्त्र सोडून आपल्या वनस्पतिशास्त्रात आला. आज त्याची बियाण्यांची कंपनी आहे आणि कार्डावर नावापुढं शास्त्रज्ञ असं छापलेलं आहे. एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं आकृत्या त्यानं माझ्या वहीतून उतरवल्या. दुसरा सत्कार आपल्या वर्गातल्या मल्लाप्पाचा. वनखात्यात तो एवढा वर चढला आहे की मागच्या महिन्यात विश्रामगृहाच्या दारातलं झाड कुठलं म्हणून मी विचारलं, तेव्हा त्यानं ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरला माहीत होतं.

आणि सुवर्णपदकवाली तू. स्मरणिकेच्या फॉर्मवर सध्याचा व्यवसाय या रकान्यात तू लिहिलंस, 'घरकाम, रोपं विकते.' तुझं नाव अक्काताई म्हणून वर्गात सगळ्यांत लहान असूनही सरसुद्धा तुला ताई म्हणायचे. पेपरात तुझ्या जवळपास कुणी पोचायचं नाही. तीच तू निपाणीच्या हायवेजवळ हिरवी जाळी बांधून मिरचीची आणि वांग्याची रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून देतेस. हे छापायला सिद्धेशला लाज वाटली. काहीतरी बरं करून दे म्हणाला, मी 'कृषी उद्योजिका' असं करून दिलं. छापून आल्यावर तुला आवडेल, कारण तुला मी केलेलं सगळंच आवडतं. खरं सांगायचं तर मला तुझ्या याच गोष्टीचा राग येतो.

माझं मानपत्र सिद्धेशनं वाचायला धाडलं आहे. विभागप्रमुख, एकतीस शोधनिबंध, आठ पीएच.डी. विद्यार्थी, आणि लोंढ्याजवळच्या खडकाळ सड्यावर शोधलेली एक नवी वेल. या शेवटच्या वाक्यावर टाळ्या पडतील. तुला आठवत असेल, शेवटच्या वर्षी भाताची लावणी चालली होती तेव्हा मी चार दिवस तुमच्या गावी राहिले होते. जयाकाकूंनी, तुझ्या आईनं, मला रोज तांदळाची भाकरी नि खेकड्याचा रस्सा वाढला. तू मला सड्यावर नेलंस, गवत बाजूला केलंस आणि म्हणालीस, 'ही बघ, दोनच आठवडं फुलतीया. पुस्तकात कुठं मला गावली न्हाय.' सहा वर्षांनी मी गाइडसरांना घेऊन तिथंच गेले, तेच गवत बाजूला केलं. वेलीला सरांचं नाव दिलं, निबंधावर माझं आलं. तू पेपरातलं कात्रण बघून मला फोन केलास, 'आमच्या गावाचं नाव मोठं केलंस गं!' मी पावसाचं विचारलं. त्यावर तू म्हणालीस, पुन्नी किती साधी आहे, कौतुक झालं की लाजते. ही चोरी त्यातल्या त्यात लहान आहे. ती आधी सांगितली, म्हणजे पुढचं लिहायला हाताला सवय होईल.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमधलं सांगते. सरकारी कॉलेजातल्या व्याख्यात्यांच्या मुलाखती होऊन गेल्या होत्या. मी तुला न सांगता धारवाडला जाऊन कचेरीतली यादी बघून आले होते. वनस्पतिशास्त्राची खुल्या गटातली जागा एकच होती. यादीत पहिलं नाव तुझं होतं आणि त्याच्याखाली माझं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी बेळगावपर्यंत रडले. घरी आप्पांना सांगितलं, यादी अजून लागली नाही. आप्पांनी साड्यांच्या चार मागांतला एक विकून मला शिकवलं होतं, त्यांना दुसरा नंबर काय असतो ते कळलं नसतं. तू पहिली आलीस याचं मला वाईट वाटलं असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला तू नको होतीस. तुझी हुशारी कशी, विहिरीवरून पाणी आणावं इतकी सहज. मी दिवसाचे दहा तास वाचून तुझ्या मागं राहायची.

नंतरच्या मंगळवारी तू सकाळच्या पहिल्या बसनं आलीस. हातात रजिस्टर पोस्टाचा लिफाफा होता आणि कपाळावर घाम. पत्र कन्नडमध्ये होतं. खानापूरच्या बाजारात तू असलं फर्डं कन्नड बोलायचीस की भाजीवाल्या बायका तुला हुबळीकडची समजायच्या, पण शाळा सगळी मराठी, त्यामुळे अक्षराशी ओळख नव्हती. आपल्या भागात अशी माणसं घरोघरी आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. माझं सातवीपर्यंत कन्नड शाळेत झालं होतं, म्हणून मुलाखतीचं पत्रही तू माझ्याकडूनच वाचून घेतलं होतंस. माग चालू होते, आवाजात ऐकू येईना म्हणून तू माझ्या तोंडाजवळ कान आणलास. पत्रात लिहिलं होतं की तुमची निवड झाली आहे, अठरा तारखेला मूळ प्रमाणपत्रं घेऊन बेंगळूरला हजर राहावं, न आल्यास पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. मी वाचलं, तुमचं नाव राखीव यादीत आहे, जागा निघाली की कळवू. तू आकड्यांवर बोट ठेवलंस, आकडे तुला कळत होते. 'मग ही तारीख कसली गं?' मी म्हणाले, 'त्या दिवशी यादी बंद हुतीया. तू गप घरात बस, परत पत्र येतंय.' 'व्हय? मग मला जायला न्हाय लागत?' 'न्हाय.' तू पत्राची नीट घडी घातलीस, आमच्याकडं आमटीभात जेवलीस आणि दुपारच्या गाडीनं गेलीस.

अठरा तारखेपर्यंत मी एकेक दिवस मोजला. बसचा कंडक्टर, पोस्टमन, तुमच्या गावातला दुकानदार, कुणीही ते पत्र अर्ध्या मिनिटात वाचून दिलं असतं. तू कुणालातरी दाखवशील, दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभी राहशील आणि मला वाटेल ते बोलशील, याची मी वाट बघत होते. तू कुणालाच दाखवलं नाहीस, कारण पुन्नीनं वाचलं होतं. एवढा विश्वास ठेवून तू मला परत फिरायला जागाच ठेवली नाहीस, आणि त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. हे वाक्य किती नीच आहे ते मला कळतं. पण खोटं लिहायचं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं?

सप्टेंबरात मला बोलावणं आलं. तुला सांगितलं, माझा गट वेगळा होता. रुजू व्हायच्या दिवशी तू माझ्यासोबत आलीस, प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिलीस आणि मी बाहेर आल्यावर मला मिठी मारलीस. त्यानंतर दोन वर्षं तू दुसऱ्या पत्राची वाट बघितलीस. दर आठवड्याला पोस्टात जाऊन विचारायचीस, हे जयाकाकूंनी मला सांगितलं, आणि म्हणाल्या, 'तू तरी तिला समजाव बाई.' मी समजावलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतले परशराम माणूस म्हणून चांगले आहेत, लग्नाला हो म्हण, असं म्हणणारीही मीच. आणि तू ते पत्र प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलंस! कन्नड अक्षर न येणाऱ्या आपल्या मराठी पाहुण्यांना दाखवायचीस, सरकारनं मला एकदा पत्र धाडलं हुतं म्हणून. मी निपाणीला आले की कपाटातून ते निघायचं आणि मी ते हातात धरून बघायची.

आता ऋतिकाचं. तुझ्या भाषणाचा शेवट तिच्यावर आहे, सिद्धेशनं सांगितलं. माझ्या लेकीला पुन्नीनं आपल्या हाताखाली पीएच.डी.ला घेतलं, मैत्री याला म्हणतात, असं काहीतरी. प्रवेश झाला तेव्हा तू रोपं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा पेढे वाटलेस. माझ्याकडं जागा एकच होती आणि त्या यादीत ऋतिका दुसरी होती. पहिली होती बायाक्का नावाची वडगावची मुलगी, विणकराच्या घरातली. तिची मुलाखत ऋतिकापेक्षा पुष्कळ चांगली झाली होती. मी तिच्या प्रस्तावात खोट काढली आणि तुझ्या लेकीची शिफारस केली. बायाक्का आता शहापुरात एका साडीच्या दुकानात आहे. परवा रस्त्यात दिसली, तिनं वाकून नमस्कार केला.

मैत्रीखातर केलं असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. ऋतिका निपाणीच्या शाळेत शिकली, तिला कन्नड तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. मे महिन्यात दाखल्यासाठी तिनं तुझं कपाट उघडलं आणि ते लॅमिनेट केलेलं पत्र पहिल्यांदा स्वतः वाचलं. जूनमध्ये ती माझ्या केबिनमध्ये आली, मोबाइलवरचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, 'मावशी, आईला म्हाईत न्हाय. मी सांगणार पण न्हाय. ती एक जागा तेवढी माझ्यासाठी बघा.' रडली नाही, ओरडली नाही. मी बघितली, कारण तुला कळू नये एवढीच मला भीती होती. पण सोमवारी ती परत आली. आमच्या कॉलेजात अतिथी व्याख्यात्याची जागा निघाली आहे, ती हवी म्हणते. 'रविवारी आई बोलायच्या आधी ठरवा की मावशी,' एवढंच म्हणून गेली. मी दोन दिवस विचार केला. त्या पत्रावरून एवढंच सिद्ध होतं की तुला बोलावलं होतं आणि तू गेली नाहीस. मी काय वाचून दाखवलं ते ऐकणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि आता कोर्टात याला कुणी विचारणार नाही, वकिलाला विचारून झालं आहे. हे पत्र तू दाखवशील, तर दाखव. मी म्हणेन, रागाच्या भरात लिहिलं. म्हणजे ऋतिकाच्या हातात एकच गोष्ट होती, तुला माहीत नाही ही, आणि ती मी आज काढून घेतली. पश्चात्तापानं लिहिलं असं समजून माझ्यासाठी रडत बसू नकोस, तुझा स्वभाव तसा आहे म्हणून बजावते. तुला गमावून मी जगेन, पण तुझ्या लेकीच्या मुठीत मला जगायचं नाही. तुला मी एकदा फसवलं. ती मेपासून दर शनिवारी घरी येते, तुझ्या हातचं जेवते, त्या कपाटाशेजारी झोपते आणि काही बोलत नाही. तुझं पोर माझ्यासारखं निघालं, अक्काताई. या शनिवारी ती येईल तेव्हा दार तूच उघडशील.

एवढं होऊनही तुझीच,
पूर्णिमा