डावीकडच्या फेऱ्या

न्युरेम्बर्ग,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

ती. दिनकरदादास,

मालिनीचा नमस्कार. इथं आम्ही सगळी बरी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींना सांग, त्यांनी दिलेलं मेथकूट अजून पुरवून खातेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून पत्र.

इथं थंडी पडायला लागली. साधनानं मला लोकरीचे मोजे आणलेत, एवढी गुणाची सून आहे. रविवारी दुकानं झाडून बंद. मग माणसं करतात काय? शर्यती बघतात!

अरे, काय त्या शर्यती! आपल्या वल्लरीची मोटरसायकल बघशील तर हसशील. तिला ब्रेकच नाही. मी म्हटलं, "अगं, मग थांबतेस कशी?" तर म्हणते, "आजी, थांबायचंच नसतं." डाव्या बुटाला लोखंडी तळ, तो मातीत घासत वळायचं. चौघं जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, शेवटच्याला भोपळा.

तू म्हणालास, "दुय्यम स्पर्धा, त्यासाठी हाडं मोडायची?" हो, दुय्यम. यंदा त्यांच्या क्लबाला खेळाडू कमी पडले, मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली नाही. उरले जोड्यांचे कप, चार संघांचे कप. पहिली पंगत उठल्यावर बायका बसतात ना, तसं. पण दादा, दुसऱ्या पंगतीला जेवण गोड लागत नाही हे तुला कुणी सांगितलं? तू कधी बसलायस?

एक मात्र मला खटकलं होतं. ही मुलं सगळ्या फेऱ्या डावीकडे वळत मारतात. देवाला कुणी अशी उलटी प्रदक्षिणा घालतं का? म्हणून जुलैपासून मी एक करायची. वल्लरी गाडीवर बसली, की मैदानाबाहेरच्या वाटेनं मी सुलटी फेरी घालायची, छत्री टेकत. क्लबाचे ओटो आजोबा माझ्या मागून चालायला लागले. त्यांना वाटलं व्यायाम आहे. आठवडाभरात आम्ही सहा म्हातारे! चंद्रशेखर म्हणाला, "आई, तू इथं दिंडीच काढलीस."

आता ते लिहिते, जे लिहायचं टाळत होते.

ऑगस्टच्या तीन तारखेला ती पडली, तेव्हा मी फेरीवर नव्हते. बाकावर बसून तुझा फोन ऐकत होते. "पोरीला कोण करून घेणार?" असं तू विचारत होतास आणि तिकडे लोक ओरडले. खांद्याचं हाड मोडलं. तू त्याच रात्री सांगितलंस, तिला थांबव, नाहीतर भाऊबीजेला तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. चंद्रशेखर आणि साधनाही घाबरलेली. म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा. ती तुमचं ऐकते."

मी सांगायला गेले होते, दादा. खरंच गेले होते. तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "माझी फेरी चुकली, म्हणून पडलीस गं."

"नाही, आजी. मी वळणावर गाडीचा गॅस लवकर उघडला. माझी चूक आहे. ती मला राहू दे ना."

थांब म्हणायचं तसंच राहिलं.

तुला ओढ्याचा उतार आठवतो? मी नऊ वर्षांची, तुझी सायकल पळवली आणि हात मोडून घेतला. कुणी म्हणालं सायकल वाईट, कुणी म्हणालं अमावास्या. तू आबांना म्हणालास, पोरीला आता एकटीला शाळेत पाठवू नका. चौथीतच संपली माझी शाळा. आज पहिल्यांदा सांगते, चूक माझी होती. मी मजेनं दोन्ही हात सोडले होते. आणि मला परत बसायचं होतं. एवढं एक कुणी विचारलं नाही.

म्हणून मी वल्लरीला विचारलं, "परत बसायचंय का?"

म्हणाली, "हो, आजी. लगेच."

डॉक्टरांनी होकार दिला आणि काल ती मैदानात उतरली. चार संघांचा कप, मोसमातला शेवटचा. मी फेरी घातली नाही. कठड्याला धरून उभी राहिले, पदर मातीनं भरला, घसा बसला. पहिल्यांदा भोपळा. मग एक. शेवटच्या वळणावर एका उंच मुलाला बाहेरून मागे टाकलं, दोन! आमचा संघ चारांत तिसरा आला. हस खुशाल. मी कालपासून हसतेच आहे.

तिला मी थांबवलं नाही. पुढंही थांबवणार नाही. स्थळं शोधत असशील तर तीही तू थांबव. तिला ब्रेक नाही, तुला आहे.

दहा ऑक्टोबरला चिंचवडला परत येते. भाऊबीजेला पाट मांडीन, बासुंदी करीन, दिवेलागणीपर्यंत वाट बघीन. आलास तर तुला ओवाळीन. नाही आलास तर तबक घेऊन गच्चीवर जाईन आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी चंद्राला ओवाळीन. चंद्र कधी नाही म्हणत नाही.

तू आलास तरी आणि नाही आलास तरी,
तुझी बहीण
मालिनी