दोन्ही प्रती

३ मार्च

प्रिय ताई,

कोपरापासून नमस्कार. पार्सल काल पोचलं. अर्ध्या तोंडाला साबण, हातात वस्तरा, अशा थाटात मी दारात सही करत होतो आणि तुझी भाची मागे उभी राहून खिदळत होती. आमच्या घरात माझा मान किती आहे ते तुला ठाऊक आहेच.

उघडलं आणि मटकन खालीच बसलो. ताई, ही तीच रेकॉर्ड ना गं? जिचं लेबल आपण बादलीत भिजवून खरवडलं होतं, बाकीच्या डीजेंना गाण्याचं नाव कळू नये म्हणून? माझी नखं दुखत होती, मी रडत होतो, आणि तू म्हणालीस, रड खुशाल, पण कडेचं राहिलंय तेवढं काढ. अशी हुकूमशहा बहीण कोणाला मिळू नये. सुई टेकवली आणि पहिल्याच ठोक्याला ओळखली. बायको म्हणाली, नाव-गाव नसलेली काळी थाळी बरी ओळखता, माझ्या मावशीला मात्र दर वेळी विचारता आपण कोण.

लेकीला मग सगळं सांगत बसलो. हिप हॉपच्या त्या जुन्या सिंगल, एकेका गाण्याच्या रेकॉर्ड, तू कुठून कुठून मिळवायचीस, टोपीवाल्यांच्या रेकॉर्डच्या दुकानात खोकी उपसत कशी तासन्तास उकिडवी बसायचीस. आणि प्रत्येक सिंगल दोनदा का घ्यायचीस तेही. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा असतो जेमतेम दहा सेकंदांचा, आणि लोकांना नाचायचं असतं त्याच्यावरच. म्हणून एका रेकॉर्डवर तो संपेपर्यंत दुसरीवर तोच तुकडा मागे फिरवून तयार ठेवायचा. मग ही, मग ती, मग पुन्हा ही. डाव्या डेकवर लाल चिकटपट्टी लावलेली प्रत, उजव्यावर हिरवी लावलेली. असा एक तुकडा तू इतका वेळ चालवायचीस की हॉलच्या भिंतींना घाम फुटायचा. या सिंगलची दुसरी प्रत शोधायला तुला किती वर्षं लागली तेही सांगितलं. लेक आ वासून ऐकत होती.

तर आता मुद्द्याचं. पाकिटात दोन निघाल्या. लाल आणि हिरवी, दोन्ही. घाईत दोन्ही टाकल्यास ना? मला एकच पुरे. माझ्याकडे डेक एकच आहे, दुसरी काय डोक्यावर फिरवू? तू तर कधी जोडी देत नाहीस. माझ्या लग्नातसुद्धा एकच दिलीस आणि वर दम भरलास, की दुसरी माझ्याकडे आहे, धड वाजलेली ऐकायची असेल तर माझ्याकडे यावं लागेल. हिरवी उद्या परत पाठवतो.

इकडे बरं आहे. लिफ्टची कामं चालूच. हॉस्पिटलची जुनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रुसून बसते, तिची समजूत काढण्यात आठवडा गेला. गुडघा कुरकुरतो. तुला हे फोनवर सांगत होतो तर तू म्हणालीस, छान झालं. हल्ली तू सगळ्यालाच हो हो करतेस आणि पटकन ठेवून देतेस. रागावली असशील तर सरळ सांग, आडून आडून नको.

पण काही म्हण, एवढी उदार कधीपासून झालीस गं? माझ्या कपाटाला हात लावलास तर तोडीन म्हणणारी बाई तू. मला तर गंमतच वाटली.

पुन्हा पुन्हा तीच वाजवून घरच्यांना पिडणारा,
तुझा धाकटा


१९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. हिरवी तू उघडलीसुद्धा नाहीस. माझ्याच दोऱ्याने बांधलेली तशीच्या तशी परत आली. वर तुझ्या अक्षरात तीनच शब्द, ‘दोन्ही तुझ्याच आहेत.’

इथे उकाडा सुरू झालाय. लेकीची परीक्षा जवळ आली, घरात मोठ्याने बोलायची चोरी. हॉस्पिटलच्या लिफ्टला शेवटी नवी मोटर बसवली. मी अजून तू शिकवल्यासारखाच मोटरचा आवाज ऐकतो, आधी ताल पकडायचा आणि मग चुकतंय कुठे ते शोधायचं. सोबतचे लोक हसतात, हसोत बापडे.

जाड्याचा फोन आला होता. तोच, तुझे स्पीकर उचलून उचलून पाठ मोडून घेतलेला. बिचारा हरखून गेला होता. तू म्हणे स्वतः त्याच्या घरी गेलीस, पिशवीभर सिंगल दिल्यास, चहा घेतलास, जुन्या गोष्टी काढून खूप हसलीस. इतक्या मोकळ्या मनाने हसताना तुला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणाला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, लाल दिल्या की हिरव्या. तो म्हणाला, अरे, दोन्ही, सगळ्यांच्या दोन्ही.

मी तेव्हा एका इमारतीच्या गच्चीवर होतो, लिफ्टच्या खोलीत. फोन ठेवला आणि तिथेच टेकलो.

मग टोपीवाल्यांना फोन केला. म्हटलं चौकशी करावी, माझाच गैरसमज असेल. ते आता फार म्हातारे झालेत, पण दुकानात बसतात. त्यांच्याकडेही तू खोकी नेऊन ठेवलीस. बदल्यात काही घेतलं नाहीस. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण तुझ्यापुढे कोणाचं चालतं? बोलता बोलता म्हणाले, तुम्हाला माहीतच असेल, आता आम्ही तिच्याशी पाटीवर लिहून बोलतो. उजवा कान पूर्ण गेला, डाव्यात थोडंसं उरलंय, तेही फार दिवसांचं नाही असं डॉक्टर म्हणतात.

मी म्हटलं, हो, माहीत आहे. ताई, मला माहीत नव्हतं. परक्या माणसासमोर मी खोटं बोललो, कारण सख्ख्या भावाला माहीत नाही हे सांगायची लाज वाटली.

इतकी वर्षं तू त्या प्रयोगशाळेत कवळ्या घासायच्या यंत्राला कान लावून बसलीस, आणि सुट्टीच्या दिवशी स्पीकरला. मला कळायला हवं होतं. फोनवरचं ते हो हो. मी रुसत बसलो मूर्खासारखा.

आता जे लिहायचं नाही ते लिहितो. तीन वेळा कागद फाडलाय.

मामाने शेवटच्या महिन्यात कपडे बेतायची कात्री शेजारच्यांना दिली. शिलाईचं यंत्र आईला. सायकल मला, रेडिओ तुला. सगळं घर म्हणत होतं, किती मोठ्या मनाचा झालाय. त्या दिवसांत तो हसायचाही खूप. मी सायकलवरून गल्लीत मिरवत होतो आणि तू त्या रेडिओला कान लावून दूरच्या कुठल्याशा स्टेशनवर हे तुझं संगीत पहिल्यांदा ऐकत होतीस. मग एका सकाळी मामा उठला नाही. झोपेतच गेला असं आपल्याला सांगितलं. आपण मोठे झाल्यावर आईने खरं सांगितलं, की त्याने स्वतःच ठरवलं होतं. तेव्हा तू काय म्हणालीस ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. ‘पहिली वस्तू दिली तेव्हाच कोणीतरी विचारायला हवं होतं.’

मी विचारतोय. तू मला दोन्ही का दिल्यास?

हे वाचून तू चिडशील. चीड. पत्र लिहून चार शिव्या दे, माझी अक्कल काढ, मला उगाच काहीच्या काही सुचतं म्हण. मी आनंदाने कबूल करीन आणि घरभर वाचून दाखवीन. पण उलट टपाली काहीतरी लिही. फोन करून उपयोग नाही हे आता समजलंय.

तुझ्या अक्षराची वाट बघणारा,
तुझा धाकटा


शुक्रवार, दुपार
तुझ्या दाराबाहेर

ताई,

मी आलोय. बाहेर बसलोय, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. बेल दाबून दाबून बोट दुखलं, दार बडवलं, अख्खा मजला गोळा झाला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की तुला यातलं काहीच ऐकू जात नाही. मेसेजही तू उघडत नाहीयेस. म्हणून दाराखालून सरकवतोय. वाचलंस की पान पूर्ण आत ओढ, म्हणजे मला कळेल.

सकाळी तुझा मेसेज आला. ‘मी मजेत आहे. आता काळजी करू नकोस. पोरीला जप.’ पोरीला जप असं तू आयुष्यात कधी लिहिलं नाहीस. मी कामावरून तसाच बसमध्ये चढलो, हत्यारांची पिशवी तिथेच राहिली. नाहीतर हे कुलूप माझ्यापुढे किती टिकणार होतं? इमारतीचे राखणदार पहार आणायला गेलेत. शेजारच्या काकू अँब्युलन्स बोलावताहेत. तुला आवडणार नाही, माहीत आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

आत रेकॉर्ड वाजतेय. तेवढ्यावर मी तग धरून आहे.

ओढ ना पान.

*

ओढलंस. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत गेलं. ताई गं. मी इथे सगळ्यांसमोर रडतोय, काकूंनी पाण्याचा पेला आणून दिलाय. हे दुसरं पान.

कान गेले म्हणून काय झालं, असं मी म्हणणार नाही. तुझं संगीतावाचून काय होत असेल ते इथे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. तुझं जगच गेलंय. तू रड, आदळआपट कर, मला घरातून हाकलून दे, वर्षभर कोणाशी बोलू नकोस. पण मला न सांगता आवराआवर करत सुटलीस याचा मला भयंकर राग आलाय. आणि ती पिशवी घेऊन घरोघर हसत फिरलीस याचा तर जास्तच. मामा असाच हसायचा, आणि त्याचं आपल्याला काय झालं ते तुला माहीत होतं. माहीत असून तू तेच माझ्यासाठी ठेवून जाणार होतीस का? मी पन्नाशीला आलो, तरी स्वप्नात ती सायकल परत द्यायला पळत असतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मला तू हवी आहेस. बहिरी, चिडकी, कशीही. मी माझं सामान घेऊन इथे राहायला येतो, नाहीतर तू चल. लेक पाट्या आणि खडू आणून ठेवणार म्हणालीय. तुला आज काही ठरवायचं नाही. आज दुपारी आपण फक्त एका खोलीत बसायचं, एवढंच.

ओढ.

*

ताई, दुसरं पान अर्धं बाहेर आहे. अजून तसंच आहे. मी जमिनीला गाल लावून बघतोय, दाराखालून नुसती फरशी दिसते.

रेकॉर्ड संपली. सुई शेवटच्या खाचेत अडकून फिरतेय. टक्, मग जरा वेळाने टक्. तू सुई अशी ठेवत नाहीस, टोक झिजतं म्हणून मला केवढी ओरडायचीस. तुला ऐकू येत नसेल म्हणून राहिली असेल. तसंच असणार. दुसरं काही नसणार.

राखणदार आले. पहार आहे, सोबत दोन माणसं आहेत. लिफ्ट बंद, म्हणून धापा टाकताहेत. मी उठतो.

थांब. पान हललं.

गेलं आत. सावकाश गेलं, पण गेलं. मी या लोकांना हात जोडून म्हटलंय, एक मिनिट. पहार दाराला टेकवून उभे आहेत, माझ्याकडे बघताहेत. एकाच मिनिटाचं कबूल केलंय मी, त्यापुढे मीच दार फोडणार.

ताई, कडी काढायचं बळ नसेल तर राहू दे. काही बोलू नकोस, लिहू नकोस. फक्त सुई उचल. तुला कळायचं नाही, पण मला इथे ऐकू येईल.

दाराला कान लावून,
तुझा धाकटा