निएमीबाईंनी काय लिहिलं?

२६ सप्टेंबर

सोडला हक्क! कॉलेजच्या अर्जात एक चौकोन असतो — शिक्षकांनी माझ्याबद्दल लिहिलेलं शिफारसपत्र पुढे कधीही मागून वाचण्याचा हक्क मी सोडते आहे, अशी त्यात खूण करायची. केली. खाली सही ठोकली, 'मारेन सोलबर्ग'. आता माघार नाही.

शाळेत अर्जांचं सगळं ब्रँटसर बघतात. म्हणाले, "हक्क ठेवलास तर कॉलेजला वाटतं, तू वाचशील म्हणून बाईंनी गोड गोड लिहिलंय. डोळे मिटून खूण कर."

माझी मैत्रीण डेसा म्हणाली, "वेडी आहेस का? आणि पत्र मागितलंस कुणाकडे, तर निएमीबाईंकडे!"

निएमीबाई. रसायनशास्त्र. मला 'सी' ग्रेड देणाऱ्या अख्ख्या शाळेतल्या एकट्या.

२७ सप्टेंबर

खरंच वेडी आहे का मी?

३ ऑक्टोबर

पत्र लिहिण्याआधी बाईंनी एक फॉर्म भरायला दिला. स्वतःची फुशारकी मारायचा! 'अभिमान वाटावा असं काय केलंस?' आई ओव्हनमध्ये बटाट्याची हॉटडिश सरकवत म्हणाली, "लिही की, बँडवाल्यांना आंघोळ घातली."

गेल्या वर्षी मी प्रयोगशाळेतला नळ चालू ठेवून निघून गेले होते. पाणी झिरपलं थेट खालच्या बँडच्या खोलीत. दोन ट्यूबा, म्हणजे ते भले मोठे पितळी भोंगे, उपड्या करून पाणी ओतावं लागलं. फॉर्मवर यातलं काही लिहिलं नाही. बाई विसरल्या असतील? छे!

१९ ऑक्टोबर

पहिला बर्फ. आज वर्गात शंका विचारली, तर "पुस्तकात बघ, सोलबर्ग." या माझी शिफारस करणार!

२८ ऑक्टोबर

चौथ्या तासाला मी ऑफिसात मदतीला असते, छापलेले कागद वर्गावर्गात पोचवते. आज प्रिंटरवर एक कागद उपडा पडलेला. ठळक अक्षरं मागे उमटली होती — वर माझं नाव, खाली बाईंचं. बाई सगळं आधी कागदावर काढून तपासतात, मगच पाठवतात.

आसपास कुणी नव्हतं. नुसता उलटायचा! हात पुढे गेला, खोटं कशाला बोलू? पण हक्क सोडल्याची सही मीच केली होती ना, कुणी हात धरून करवली नव्हती. तसाच उपडा छातीशी धरला आणि जिना चढले.

"वाचलंस?"

"नाही, बाई."

"एक अक्षरही नाही?"

"माझं नाव आणि तुमचं. मागून. उलटं."

बाईंनी कागद हातात घेतला. मग पेन उघडलं. "जा आता. एक ओळ वाढवायची आहे."

कसली ओळ?? मेले मी.

१ नोव्हेंबर

अर्ज गेला. नखं संपली.

१५ डिसेंबर

मिळालं!!! हवं होतं तेच कॉलेज! आई रडली, मग कुत्र्याला मिठी मारून पुन्हा रडली. मी धावत बाईंकडे. "कळवलंस ते बरं केलंस," म्हणाल्या, "त्या परीक्षानळ्या पुसून ठेव."

पुसता पुसता विचारलंच, "बाई, पत्रात ट्यूबा होत्या?"

"हक्क सोडला आहेस तू, सोलबर्ग."

पण हसल्या! मी पाहिलं.

११ जानेवारी

तास संपल्यावर बाईंनी थांबवलं. उन्हाळ्यात काही शिक्षकांना लेक सुपीरिअर या अवाढव्य सरोवरात संशोधनाच्या जहाजावर महिनाभर नेतात. बाईंनी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नकार. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, म्हणजे ही शेवटची खेप. आणि यंदा एका विद्यार्थ्याचं शिफारसपत्र लागतं.

"सवड असेल तरच," म्हणाल्या. कान लाल झाले होते. निएमीबाईंचे!

फॉर्म पाहिला. तोच चौकोन. बाईंनी खूण आधीच केलेली.

१२ जानेवारी

पत्र लिहिलं. ट्यूबाच आल्या आधी — नळ मी विसरले, आणि बाई माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून तासभर पाणी पुसत होत्या, एका शब्दानेही रागावल्या नाहीत. त्या हे कधीच वाचणार नाहीत, म्हणून बेधडक लिहून टाकलं की मला त्या फार आवडतात.

आणि पेन तिथेच थांबलं. मी कधीच वाचणार नव्हते त्या बाईंच्या पत्रात काय होतं, ते मला कळलं.