पुढची सीट

साक्री
३ एप्रिल २०२५

सौ. दिपमालास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझा आवाज मला माठातून आल्यासारखा येतो, म्हणून आपलं हे पत्रच बरं.

आपली जीप गेली. धुळ्याला निघालो होतो. कुसुंब्याच्या पुढे निळा धूर निघाला, गाडीने आचके दिले आणि जागीच बसली. मागे बसलेली मंडळी आता सांगतात, की महिनाभर इंजिनातून ठोके ऐकू येत होते. त्यांना वाटलं, नानांना माहीत असेल. मला कुठून माहीत? कानातलं यंत्र गाडीत शिट्ट्या मारतं, म्हणून मी ते काढून खिशात टाकतो. पुढच्या सीटवर तुझ्या वहिनीची शाल घडी करून ठेवली आहे. पुष्पा गेल्यापासून तिथे मी कोणाला बसू दिलेलं नाही.

भूषण नाशिकहून म्हणतो, इंजिनच्या कामात अर्धी नवी गाडी येईल. जीप भंगारात द्या, आणि बाबा, तुम्ही चालवणंही सोडा. लेकाचं खरंही असेल. तेव्हा यंदा आखाजीला तुला न्यायला मुऱ्हाळी येणार नाही, तू एस.टी.ने ये. पुष्पाच्या नावाची ही पहिली घागर. तू हवीसच.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
अभिमन

पिंप्राळा, जळगाव
९ एप्रिल २०२५

ती. नानांना दिपमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

लग्न झाल्यापासून एकही आखाजी मी एस.टी.ने आले नाही, आणि आता केस पिकल्यावर तर मुळीच येणार नाही. शेजारच्या कुंदाबाई आत्तापासूनच विचारतात, भाऊ कधी येणार म्हणून.

एक विचारते, रागावू नका. गाडी तुम्ही एकटेच चालवत होतात, असं तुम्हाला खरंच वाटतं का? मी मागे बसून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. चढावर इंजिन दमलं, की वहिनी एक बोट तुमच्या गुडघ्यावर टेकवायच्या आणि तुम्ही गिअर बदलायचात. तुमचं बोलणंसुद्धा थांबायचं नाही. एकदा पारोळ्याजवळ आम्हा कोणाला काही कळलं नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडी रडी ऱ्हायनी, थांबा." तुम्ही कुरकुरत उतरलात, तर पंख्याचा पट्टा तुटायला आलेला. रात्री जेवताना मात्र तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, की तुम्हाला वासावरूनच समजलं होतं. वहिनी वाढत होत्या. नुसत्या हसल्या.

त्यांची जागा रिकामी ठेवलीत, त्यातली माया मला कळते. पण त्या सीटवर बसून वहिनी तुमच्यासाठी ऐकत होत्या, नाना. ते काम करायला तिथे कोणी बसलंच नाही.

जीप विकायची की ठेवायची, ते तुम्ही बघा. मी मात्र मुऱ्हाळ्याची वाट बघते. लोभ असावा, आणि कधीतरी बोलूनही दाखवावा.

तुमची,
दिपमाला

साक्री
१८ एप्रिल २०२५

सौ. दिपमालास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो. मग धुळ्याला तोताराम मिस्त्रीकडे गेलो, जीप तिथेच ओढून नेली आहे.

त्याने इंजिन खोलून ताडपत्रीवर मांडलं होतं. इतकी वर्षं त्या बॉनेटखाली हे सगळं चालत होतं आणि मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एक पिस्टन उचलून पाहिला. काय वजन, आणि तेल पुसल्यावर काय चकाकी! ह्याच पिस्टनांनी बाळंतपणानंतर पुष्पाला आणि भूषणला घरी आणलं. ह्यांनीच तिला शेवटचं दवाखान्यात नेलं. मी टोपी काढून उभा राहिलो, देवळात उभं राहतात तसा.

मिस्त्री म्हणाला, क्रँक आणि बेअरिंगं गेल्या काही महिन्यांतच खलास झाली. बाकी इंजिन इतकं जपलेलं, की एवढ्या चाललेल्या गाडीत त्याने क्वचित पाहिलं. कोणाच्या हातची गाडी, असं त्याने सहज विचारलं. माझी, म्हणायला तोंड उघडलं, आणि पिस्टन परत ताडपत्रीवर ठेवला. एवढं लोखंड, आणि ते एका बाईच्या एका बोटावर चाललं. दिपमाला, मला अजूनही नवल वाटतं. शेजारी बसून मला ते दिसलं नाही.

काम करायला सांगितलं आहे. घरावरचा स्लॅब पुढच्या वर्षी. भूषण फुरंगटला आहे. शाल कपाटात ठेवली. आखाजीच्या आधी मुऱ्हाळी दारात येतो, पिशवी भरून ठेव. माया असू दे.

अभिमन

पिंप्राळा, जळगाव
६ मे २०२५

ती. नानांना सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. त्या दिवशी न्यायला आलात, तेव्हा माझे पाय सवयीने मागच्या दाराकडे वळले होते. तुम्ही पुढचं दार उघडून धरलंत. वहिनी काय ऐकत असतील ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. सपाटीला इंजिन गुणगुणत होतं, चढ आला की त्याचा आवाज जड व्हायचा. माझं बोट कधी तुमच्या गुडघ्यावर गेलं, मलाच कळलं नाही. तुम्ही गिअर बदललात, आणि गाडीचा आवाज पुन्हा हलका झाला.

घागर पुजल्यावर भूषणला स्वयंपाकघरात बसवून मी बोटाची गोष्ट सांगितली. आधी त्याला ती गंमत वाटली. मग सांजोरी हातातच राहिली, आणि आई नेमकं कधी बोट ठेवायची, ते त्याने परत परत विचारलं.

लोभ आता दिसू लागला आहे, तसाच राहावा.

दिपमाला

साक्री
१९ मे २०२५

सौ. दिपमालास अनेक आशीर्वाद.

भूषण सुटीला आला आहे. काल बाजाराला निघालो, तर जीपचं नाव टाकणारा हा गडी आपणहून पुढे येऊन बसला. मोबाईल खिशात ठेवला आणि कान देऊन बसला. गावाबाहेरचा चढ समोर दिसला तसं हळूच माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं.

फार लवकर टेकवलं. चढ अजून लागलाही नव्हता.

मी गिअर बदलला.

तुझा भाऊ,
अभिमन