सगळ्याच पहिल्या

४ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू कॉलेजच्या वसतिगृहात पोचल्याचं कार्ड मिळालं. चार ओळींत तीनदा सगळं ठीक आहे असं लिहिलंयस, त्यावरून तुझ्या आईने निदान केलंय की काहीच ठीक नाही. मी म्हटलं, अगं पोर दमत असेल. पण खरं सांगू, तेव्हापासून माझंही कामात लक्ष नाही. काल बँकेतल्या साहेबांचा एक कल्ला वर आणि एक खाली राहिला. खालचा वर नेला तर पहिला खाली वाटायला लागला. शेवटी दोन्ही गेले. साहेब सज्जन माणूस, आरशात बघून नुसते उसासले.

दुकानात आरशाच्या वर तुझा फोटो लावलाय, शाळेतल्या शेवटच्या शर्यतीचा. त्यात तू एकटीच आहेस, बाकीच्या इतक्या मागे की फोटोत मावल्याच नाहीत. तुमचे खेळाचे सर रविवारी दाढीला येतात आणि गालाला फेस असतानाच विचारतात, पहिली शर्यत कधी, कितवी आली. पंधराशे मीटरला शाळेत तुला कोणी गाठू शकलं नाही, तिथेही गाठणार नाही, असं मी सांगून मोकळा झालोय. आता तू काय ते सविस्तर लिही म्हणजे माझी अब्रू राहील.

वेळेवर जेव. बुटांच्या नाड्यांना दोन गाठी मार. इकडे सारे खुशाल, फक्त पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लागलेत.

तुझे,
बाबा


१६ ऑगस्ट

ती. बाबांस व आईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आधी तो फोटो काढा, मग पुढचं वाचा.

परवा सरावाची शर्यत झाली. आपल्या शाळेत सरांनी शिस्त लावली होती ना, की मी मागून आले की बाजू म्हणून ओरडायचं आणि पुढच्या मुलींनी आतली लेन सोडायची. ती सवय अंगात मुरलेली. तिसऱ्या फेरीत माझ्यापुढे एक उंच मुलगी होती, मी घसा फोडून बाजू म्हणून ओरडले. कुणी तसूभर हललं नाही. त्या उंच मुलीने पळता पळता मागे वळून पाहिलं आणि हसली, मग तिच्या पुढच्या दोघीही हसल्या. आता मेसमध्ये मी ताट घेऊन गेले की सगळ्या दोन्हीकडे सरकतात आणि बाजूबाई आल्या म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर हसते. मग खोलीत येऊन रडते.

कितवी आले ते सांगतेच, नाहीतर तुम्ही विचारून जीव खाल. शेवटून दुसरी. शेवटच्या मुलीला ताप होता.

वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मीच होते हे इथे येऊन कळलं. इथली प्रत्येक मुलगी आपापल्या शाळेतली पहिली आहे. सगळ्याच पहिल्या, मग शेवटची कोणी व्हायचं? नोव्हेंबरात चाचणी आहे. प्रशिक्षक आठजणींना संघात ठेवणार. बाकीच्यांनी खेळाडूंचं वसतिगृह सोडायचं आणि मैदानही. मैदान सुटलं तर मी करू काय? पळण्याशिवाय मला येतं काय?

हे दुकानात बोलायचं नाही. माझी शपथ आहे. दोघांना नमस्कार, आणि काळजी करू नका असं लिहिण्यात अर्थ नाही हे मला ठाऊक आहे.

तुमची,
भिंगरी


२८ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुकानात बोललो नाही. म्हणजे, खरं बोललो नाही. रविवारी सरांनी विचारलं, बाकावर चौघे बसलेले, सगळ्यांचे कान माझ्याकडे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की दुसरी आली. शेवटून हा एक शब्द तेवढा सांगायचा राहिला. झालं! साहेबांनी हात मिळवला. सर म्हणाले की डिसेंबरातल्या तुमच्या मोठ्या स्पर्धेला आपण सगळेच जाऊ. आता हे घोंगडं कसं झटकायचं ते मला कळत नाही. तुझ्या आईला समजलं तेव्हा तिने माझी बिनपाण्याने केली. जन्मभर दुसऱ्यांची करत आलो, पण इतकी गुळगुळीत कोणाची केली नव्हती.

माझं एक ऐक. शाळेत करायचीस तसंच कर. पहिल्या पावलापासून पुढे निघ आणि मागे बघूच नकोस. कुणी पुढे नसलं की बाजू मागायचा प्रश्नच येत नाही.

जिवाला जप. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

बाबा

ता. क. भिंगरे, आईचा आशीर्वाद. यांच्या सल्ल्याने पळू नकोस, हे बससाठीसुद्धा पळत नाहीत. तुला काय हवंय ते लिही. परत यायचं तर ये, खाट तुझीच आहे. पण रुसून येऊ नकोस, ठरवून ये.


९ ऑक्टोबर

ती. बाबांस व आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या त्या दुसऱ्या नंबरावरून मी इतकी चिडले होते की महिनाभर पत्रच लिहिलं नाही. आणि तरी मूर्खासारखं तुमचंच ऐकलं. पहिल्या पावलापासून पुढे गेले. दोन फेऱ्या पुढे होते, काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग एकेक करत सगळ्या मला टाकून गेल्या.

प्रशिक्षकांनी बाजूला बोलावलं. रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले की मला एकटीनेच पळता येतं, चारचौघींत पळताच येत नाही. खरंय ते. घोळक्यात मला भीती वाटते. कोपरं लागतात, मानेवर दुसरीचा श्वास येतो, खिळ्यांचे बूट घोट्याला चाटून जातात. मग मी आपोआप बाहेरच्या अंगाने पळते आणि सगळ्यांपेक्षा जास्त अंतर कापते. आता मला हुकूम आहे, सरावात सगळ्यांत मागच्या मुलीच्या खांद्याला चिकटून राहायचं आणि पुढे जायचं नाही. रोज शेवटचं यायचं, तेही हुकमाने! ती उंच मुलगी मुद्दाम मागे येते आणि मला कोपरं मारते, सवय व्हावी म्हणून. नंतर वर विचारते, जास्त लागलं का.

सकाळी नाड्या चारचारदा सोडते आणि बांधते. परीक्षेलाही असं कधी झालं नव्हतं. आई, तू विचारलंस काय हवंय. मला माहीत नाही गं. कधी वाटतं आत्ताच्या आत्ता घरी यावं. डिसेंबरात कोणी येऊ नका. मी संघात नसले तर बघणार कोणाला?

रागावलेली असले तरी तुमचीच,
भिंगरी


३० नोव्हेंबर

ती. बाबांस व आईस,
सा. न. वि. वि.

चाचणी झाली. मी नववी आले. आठवी माझ्यापुढे जेमतेम हातभर होती.

दुसऱ्या दिवशी सामान आवरत होते तर प्रशिक्षकांचा निरोप आला. डिसेंबरच्या स्पर्धेत आपल्या मुलींना वेग धरून देणारी एकजण हवी आहे. तिने पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे, ठरलेल्या वेगाने पळायचं, आणि मग ट्रॅक सोडून आतल्या गवतावर व्हायचं. शर्यत पुरी करायची नाही. नंबर नाही, काही नाही. ते म्हणाले की दोन फेऱ्या माझ्याइतक्या एकसारख्या कोणी पळत नाही. सुट्टीपर्यंत खोली राहील, सुट्टीत हवं तर थांबून सराव करता येईल, आणि सुट्टीनंतर पुन्हा चाचणी.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की रडू आवरायला, ते माझं मलाच कळलं नाही. आता दोन फेऱ्यांनंतर सगळ्यांच्या देखत थांबायचं हा विचारच नको वाटतो. म्हणून पुन्हा सांगते, येऊ नका. आणि पत्रोत्तर लगेच पाठवा, मला फार एकटं वाटतंय.

भिंगरी


१५ डिसेंबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं तीस तारखेचं पत्र आम्ही परत आलो तेव्हा दाराच्या आत पडलेलं होतं. ते आधी मिळतं तर माझी फजिती टळली असती, आणि तुझीही.

लग्नाला जातो असं सांगून दुकान बंद केलं आणि आम्ही दोघंच आलो. तू येऊ नका म्हणालीस म्हणूनच आलो. नक्की काहीतरी लपवते आहेस असं वाटत होतं. आणि बघतो तर तू सगळ्यांच्या पुढे! दोन फेऱ्या पुढे! शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून मी नाचलो. आणि एकाएकी तू ट्रॅक सोडून गवतावर गेलीस आणि बसलीस. भिंगरे, मला वाटलं तुझ्या पायाला काही झालं, छातीत काही झालं. पुढचं मला काही दिसलंच नाही. या वयात कुंपणावरून उडी मारली, ट्रॅकवरून धावलो. दोन मुलींना माझ्यामुळे वळसा घ्यावा लागला. तुमच्या प्रशिक्षकांनी मला कॉलर धरून बाहेर काढलं आणि तू हातांत तोंड लपवलंस. बसथांब्यापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस, ते बरोबरच केलंस.

रविवारी दुकानात सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. शेवटून दुसरी, मग नववी, आणि माझी उडीसुद्धा. सर अर्ध्या दाढीनेच तणतणत निघून गेले. कोपऱ्यावरून परत आले, कारण उरलेली अर्धी कोण करणार?

आता मनातलं लिहितो. तू घरी ये. तू गवतावर बसलेली आणि बाकीच्या पुढे चाललेल्या, हे मला बघवलं नाही. इथे कोणी काही बोलणार नाही, बोललं तर त्याची मान माझ्याच हातात असते. निरोप दे, न्यायला येतो.

तुझा अपराधी,
बाबा


२४ डिसेंबर

ती. बाबांस व आईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

रागावले होते, पण राग टिकला नाही. ती उंच मुलगी विचारत होती की तुझे बाबा कोणत्या कॉलेजकडून पळतात, सुरुवात बरी होती. प्रशिक्षकांनी मात्र सांगितलंय की पुढच्या वेळी तुम्हाला तिकीट काढून, खुर्चीत बसवून ठेवायचं.

मी सुट्टीत येत नाही, बाबा. इथे थांबून सराव करणार आहे.

गवतावर मला काही झालं नव्हतं. मी बघत होते. शाळेत मी सतत पुढे असायचे, त्यामुळे मागे शर्यत कशी चालते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पुढच्याच वळणावर पाचजणी कोपराला कोपर लावून आल्या. त्यांचे चेहरे मला जवळून दिसले, त्याही घाबरलेल्या होत्या. ती उंच मुलगीसुद्धा. घाबरूनच पळत होत्या सगळ्या. आणि मला एवढी असूया वाटली की उठून त्यांच्यात घुसावंसं वाटलं. तेवढ्यात तुम्ही आलात.

आई, काय हवंय ते आता लिहिते. पहिलं यायचंय, खोटं कशाला बोलू, पण ते नंतर बघू. आत्ता मला आठवं यायचंय. शाळेतल्या एकाही पहिल्या नंबरासाठी माझा जीव असा तुटला नव्हता.

दुकानात विचारलं तर हेच सांगा, एक शब्दही न गाळता. लोभ आहे तेवढाच पुरे. तो वाढला की तुम्ही कुंपणावरून उड्या मारता.

तुमची,
भिंगरी