हार्झच्या आधी भोवरी

६ सप्टेंबर, ब्राउनश्वाइग
आजपासून पायांकडे लक्ष द्यायचं. उजव्या अंगठ्याखाली भोवरी झाली आहे. कारण उघड आहे, या गावातले दगडी रस्ते. बुटांचा दोष नाही. बूट लेकीने, तनयाने बर्लिनहून पाठवलेत, माझ्या वाढदिवसाचे. वाढदिवस होऊन गेल्यावर आले, पण मुलीला परीक्षा असतात. जरा आवळतात. लेदर आहे, सैल होईल. तीन ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला येते म्हणाली आहे, दोघं हार्झचा डोंगर चढणार. तोवर पाय लोण्यासारखे व्हायला हवेत.

७ सप्टेंबर, रविवार
अहिल्येला फोन. आईच्या आजारपणासाठी ती जानेवारीत पुण्याला गेली, दोन आठवड्यांसाठी. म्हणाली, अहो, दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, मग वज्रीने हलकेच घासा, वर कोकमतेल लावून मोजे घाला. आणि आधी ते बूट बदला. शेवटचं नीट ऐकू आलं नाही. नेटवर्क.
दहा मिनिटांनी मऊ होते, तर तासाने किती होईल? इंजिनिअरला हे सांगावं लागत नाही. बादलीत पाय सोडून बसलो आणि डोळा लागला. उठलो तेव्हा पाणी गार, पाय मनुकांसारखे. भोवरी जशीच्या तशी.

१० सप्टेंबर
वज्री जोरात चालवली. हलका हात ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. भोवरी मध्ये शाबूत आहे, आजूबाजूचं मात्र सोलवटून निघालं. ऑफिसात लंगडत होतो. चारुदत्तने विचारलं काय झालं. योगा सुरू केलाय म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला.

१४ सप्टेंबर, रविवार
कोकमतेल वितळवून लावलं. मोजे वाळत होते, म्हणून तसाच उठलो. लॅमिनेटच्या गुळगुळीत फरशीवरून घसरून टेबलासकट आडवा. थोडा वेळ पडून राहिलो. घरात कुणी ‘काय पडलं?’ म्हणणारं नसलं की उठायची घाई नसते. मग खालच्या फ्राऊ लिंडनरने झाडूच्या दांड्याने छतावर ठोकलं. रविवारची शांतता मोडली म्हणून. तरी कुणीतरी दखल घेतली.
तनयाला मेसेज केला, हार्झ पक्कं ना? उत्तरात नुसता अंगठ्याचा इमोजी आला. म्हणजे जर्मन म्हणतात तसं गेनाऊ, अगदी पक्कं.

१९ सप्टेंबर
घरगुती उपाय बंद. आपोथेकेतून, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानातून, भोवरीच्या औषधी पट्ट्या आणल्या. भोवरीच्या मापाने कापून लावा असं लिहिलंय. मापात कापत बसायला मी काय शिंपी आहे? अख्खी लावली.

२२ सप्टेंबर
पट्टीने चांगली कातडी पांढरी पडून निघाली. भोवरीने पट्टीची दखलच घेतली नाही. तिचा स्वभाव कळू लागलाय. आठवडाभर काहीही न लावण्याचा निश्चय. हा पहिला निश्चय जमेल असं वाटतं.

२७ सप्टेंबर
व्हिडिओ कॉल. अहिल्येने बूट उलटा करून दाखवायला लावला. म्हणाली, अहो, हा बेचाळीस आहे, तुम्हाला चव्वेचाळीस लागतो. ब्रँडप्रमाणे नंबर बदलतात, असं मी समजावलं. तनयाला माझं माप माहीत नसेल होय? लहानपणी माझेच बूट घालून घरभर खडखडत हिंडायची. अहिल्येने बूट खाली ठेवायला सांगितला. मग म्हणाली, तुम्हीच का नाही येत इकडे थोडे दिवस? बघू म्हणालो. हार्झ झाल्यावर.

२ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली. तनयाला चटणी लागते. चालायच्या काठ्या आणल्या, दोन तिच्या, दोन माझ्या. तिच्या खोलीत नवीन चादर घातली. बूट घालून घरात सराव केला. दुखतं, पण सोबत बोलायला माणूस असलं की कळणारही नाही.

३ ऑक्टोबर
सकाळी फोन आला. मी मराठीत बोललो, ती जर्मनमध्ये. येत नाहीये. योनासबरोबर समुद्रावर चालली आहे. योनास म्हणजे मित्र, हे आजच कळलं. आल्झो, तर मग नाताळात बघू म्हणाली. ठेवता ठेवता विचारलं, बूट बसले ना, पपा? योनासला घट्ट होत होते, परत करायची मुदत गेली होती, फेकायचे कशाला म्हणून तुम्हाला पाठवले.
अगदी माझ्याच मापाचे आहेत म्हणालो. तिला खूप बरं वाटलं.
मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. चारही काठ्या जिन्याखाली ठेवल्या. दशम्या दुपारी खाल्ल्या, चटणीला हात लावला नाही, टिकते ती नाताळपर्यंत. संध्याकाळी तेच बूट घालून तळ्यापर्यंत जाऊन आलो. सैल होतायत. पाय फार दुखतोय. या गावातले रस्ते खरंच फार दगडी आहेत.