तिसऱ्या दशांशापर्यंत

१२ मार्च, मंगळवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मोजून कशाला द्यायचे? इथे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, आणि ती माझ्यामुळेच साठली असं त्यांचं ठाम मत आहे. बाल्कनीतल्या दोन कुंड्या त्यांनी पाणी घालून घालून मारल्या. जन्मभर धरणं केलेल्या माणसाला पाणी किती पुरे हे कळू नये, याला काय म्हणावं!

जुन्या कागदांच्या प्रती मिळाल्या. चाळीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं अक्षर बघून आधी बरं वाटलं. काय सरळ ओळी यायच्या माझ्या! मग तुझं पत्र वाचलं.

तुझा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे गोंधळ नको. काँक्रीटचं धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं. मागचं पाणी त्याला ढकलतं आणि पायाखाली झिरपलेलं पाणी खालून उचलतं. उचललं की वजन कमी भरतं आणि घसरायची भीती वाढते. तो उचलणारा दाब उतरवायला पायात निचऱ्याची भोकं ठेवतात. या धरणात त्या भोकांची ओळ पाण्याकडच्या तोंडापासून सहा मीटर आत आहे, तेव्हा दाब त्या सहा मीटरांत हळूहळू उतरणार. जुन्या गणितात मात्र तो तोंडापाशीच उतरलेला धरलाय. असं का, हे तुला विचारायचंय.

धरण आज आहे तसं दोन्ही आकड्यांनी सुरक्षित आहे, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. पण आता त्याची उंची तीन मीटरने वाढवायची आहे. जुना आकडा घेतला तर घसरणीविरुद्धचा सुरक्षेचा गुणक काठावर का होईना बसतो, तुझा घेतला तर बसत नाही. तुझे साहेब म्हणतात, दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून केलेलं गणित तिसऱ्या दशांशापर्यंत जुळतंय, म्हणजे तसं धरायला त्यांच्याजवळ काहीतरी कारण असणार. कारणाचा कागद हरवला असेल. जुनाच आकडा घे. आणि तूही त्यांचं ऐकायच्या बेतात आहेस. अठरा तारखेला अहवालावर सही करणार म्हणतेस.

करू नकोस.

धरणांची गणितं करणाऱ्या आमच्या शाखेची पद्धत तू लहानपणापासून ऐकत आलीस. एकाने गणित करायचं. दुसऱ्याने त्याचा कागद न बघता, भिंतीपलीकडच्या खोलीत, पहिल्यापासून तेच करायचं. मग शाखाप्रमुख दोन्ही कागद शेजारी ठेवणार. चूक कुणाचीही होते, पण दोन माणसं सहसा एकच चूक करत नाहीत, एवढ्या भरवशावर सगळा कारभार चालायचा. मला तिथे ‘चाळणी’ म्हणत. माझ्या हाताखालून दशांशचिन्हसुद्धा चुकीच्या जागी बसून जात नसे, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. थोडी फुशारकी म्हणूनही सांगते.

आणि पाहुणे आले की बाबा सांगतात ती गोष्ट तर तुला पाठच आहे: याच धरणाचे आमचे दोघांचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले त्याच दिवशी त्यांनी मला लग्नाचं विचारलं. तुझ्या लग्नात त्यांनी ती माईक धरून सांगितली. मी दर वेळी हसते. लोकांना वाटतं, बाई लाजल्या.

नमनाला घडाभर तेल झालं. आकडे जुळले, कारण मी ते उतरवून घेतले होते.

त्या आठवड्यात मला ताप होता, कामाचे चार दिवस हातचे गेले. दुसऱ्या दिवशी कागद द्यायचे होते. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी भिंतीपलीकडे गेले. बाबांच्या टेबलावर कागद काचेच्या वजनाखाली नीट ठेवलेले होते. पंचवीस मिनिटांत आठ पानं उतरवली. शहाणपण असं की मधल्या दोन पायऱ्या माझ्या पद्धतीने फिरवून लिहिल्या, म्हणजे कुणाला शंका नको. शेवटी ‘स्वतंत्र तपासणी केली’ असं लिहून खाली सही ठोकली. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं.

तेव्हा त्या आकड्यामागे कारणबिरण काही नाही आणि कुठलाही कागद हरवलेला नाही. एकाची चूक आहे आणि दुसरीची नक्कल. तुझं गणित बरोबर आहे. मी काल सकाळी हाताने पहिल्यापासून करून पाहिलं, तुझ्या आकडेमोडीची पानं पाकिटातून न काढता. माझं संपल्यावरच काढली. जुळलं.

अहवालात असं लिही: दुसरी तपासणी स्वतंत्र नव्हती, ती पहिल्या गणिताची नक्कल होती, असं तपासणाऱ्या बाईंनी लेखी कळवलं आहे. त्या तुझ्या आई लागतात हे साहेबांना तोंडी सांग. उंची वाढवायची असेल तर आधी पाण्याच्या विरुद्ध बाजूने, खालच्या अंगाने, काँक्रीट चढवून पाया रुंद करा. तो खर्च आणि ती दोन वर्षं टळणार नाहीत. जुन्या आकड्यावर मात्र काँक्रीटची एक पाटीसुद्धा वर चढता कामा नये. साहेब कपाळाला आठ्या घालतील, घालू देत. माझी काळजी करू नकोस, नोकरीतून काढायला मी नोकरीत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ‘जाऊ दे गं आई’ म्हणाली असतीस. कागद फाइलला लावता येतो.

बाबांना काल संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. इतकी वर्षं चारचौघांत माझं हसं केलंस म्हणतील. त्यांनी टीव्ही बंद केला. प्रती मागून घेतल्या, नवा चष्मा लावला आणि निचऱ्याच्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले.

मग म्हणाले, “चूक माझी आहे. पण तू गणित केलं असतंस तर पकडली असतीस.”

“हो,” मी म्हटलं.

“मग अंगात ताप असताना गप्प का बसलीस? मला सांगायचंस ना. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली असती.”

मी उठून प्रती पाकिटात घातल्या. आज सकाळी त्यांनी माझा चहा करून टेबलावर ठेवला आणि एकटेच फिरायला गेले.

त्यांना जे बोलले नाही ते इथे लिहिते, कारण हा कागद फाइलला लागणार आणि त्यात खोटं नको. ताप मला एकच दिवस होता. उरलेले तीन दिवस मी कोरे कागद पुढे घेऊन बसले होते. त्या वर्षी बाबांच्या दोन चुका मीच काढल्या होत्या. तिसरी निघाली तर तीन वर्षांसाठी लांबच्या साइटवर रवानगी, असं शाखाप्रमुखांनी त्यांना सगळ्यांसमोर बजावलं होतं. मला ते जायला नको होते, ठमे. फार नको होते. त्यांच्यावर विश्वास होता म्हणून मी उतरवलं असं कुणी म्हणेल, बाबाही म्हणतील. तसं नव्हतं. शोधली तर मला चूक सापडेल हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी शोधलीच नाही.

पाकीट चिकटवायच्या आधी पत्र त्यांना वाचायला देते आहे. ते फिरून आले, दारात चपला काढताहेत.

जिला तपासायला बसवलं होतं आणि जिने तपासलं नाही, ती

तुझी आई